‘याहीले अडतीस, माले वीसच?’ : प्रोस्टेटच्या शेकाच्या एका वेळापत्रकाची गोष्ट

सिम्युलेशनच्या, म्हणजे किरणांची आखणी करण्यासाठी घेतात त्या सीटीच्या, आधी संमतीपत्र समजावून सांगत होतो. आप्पा मान डोलावत ऐकत होते, मध्येच त्यांनी हात वर करून थांबवलं. “डाक्टरसाहेब, मन्हा याहीले अडतीस दिन शेक दिधा. माले वीसच का बरं?” याही म्हणजे व्याही. मागे बसलेल्या आक्कांनी पदर तोंडाशी नेला. त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता, तो त्यांनी बाहेर कॉरिडॉरमध्ये सिस्टरला विचारला: योजनेतून उपचार आहे म्हणून निम्मंच देताय का?

खान्देशात रेडिएशनला रेडिएशन कोणी म्हणत नाही. शेक म्हणतात, फार तर लाईट. आमची निम्मी गडबड या शब्दापासूनच सुरू होते असं मला वाटतं. गुडघ्याला शेक दिला की आराम पडतो आणि जास्त दिला की जास्त आराम पडतो, हा प्रत्येकाचा घरचा अनुभव. मग अडतीस दिवसांचा शेक वीस दिवसांच्या शेकापेक्षा चांगला, यात शंका कसली?

आप्पा पारोळा तालुक्यातले, बोरीकाठच्या गावचे. वय ७२, सात एकर, त्यातली चार कपाशीची, आणि एक बैलजोडी. ओळख पटेल असे तपशील बदललेत. वर्षभर रात्री चार-पाच वेळा लघवीला उठत होते. गावच्या डॉक्टरांनी लघवी मोकळी करणारं टॅमसुलोसिन दिलं होतं, त्यावर चाललं होतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुलगा सुरतेहून आला, त्याने हट्टाने पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी) करायला लावला. आला १३.८. एमआरआयमध्ये प्रोस्टेट ५४ घन सेंटिमीटर, गाठ ग्रंथीच्या आतच. बायोप्सीत ग्लीसन, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा गुण, ४+३, म्हणजे ग्रेड गट ३. हाडांचा स्कॅन स्वच्छ. नऊ वर्षांचा मधुमेह, गोळ्यांवर ताब्यात. लघवीच्या त्रासाचा आयपीएसएस गुण १७, म्हणजे मध्यमातला वरच्या अंगाचा.

पीएसए १० ते २० च्या मध्ये आणि ग्रेड गट ३, ही जोडी मध्यम जोखमीतली नकोशी बाजू. अशा माणसाला नुसते किरण देत नाहीत, सोबत चार ते सहा महिने हार्मोन रोखणारं इंजेक्शन देतात. आप्पांना मे महिन्याच्या मध्याला आधी बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या आणि मग ल्युप्रोलाइड २२.५ मिलिग्रॅम दिलं, ते तीन महिने पुरतं. दुसरं इंजेक्शन ऑगस्टच्या मध्याला. किरणोपचार या दोन्हींच्या मध्ये बसवायचे होते. शस्त्रक्रियेचा पर्याय मांडला होता, आप्पांनी तो तिथल्या तिथे नाकारला.

आता त्यांच्या प्रश्नाचं उत्तर. मी ते पाण्याच्या भाषेत दिलं, कारण समोर शेतकरी बसला होता. मुरमाड जमिनीला थोडं थोडं पाणी वरचेवर द्यावं लागतं. काळ्या जमिनीला पाळी मोठी दिली तरी चालते, पाळ्या कमी लागतात. बहुतेक कॅन्सर मुरमाड जमिनीसारखे आहेत, म्हणून त्यांना रोज २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप) असे छोटे डोस कित्येक आठवडे देत राहतात. प्रोस्टेटचा कॅन्सर काळ्या जमिनीचा निघाला. आप्पा म्हणाले, “म्हंजे पाळी मोठी, पाळ्या कमी.” मी म्हटलं, बरोबर. पण उपमा इथे लंगडी पडते हेही सांगायला हवं, कारण पाण्याची बेरीज दोन्हीकडे तीच राहते, किरणांची राहत नाही. याहींना ३८ दिवसांत ७६ ग्रे मिळाले होते. आप्पांना २० दिवसांत ६० मिळणार होते, रोज ३. बेरीज कमी दिसते आणि तिथेच माणूस दचकतो.

हिशेब असा आहे. प्रत्येक जातीच्या पेशींना एक आकडा लावतात, अल्फा-बीटा गुणोत्तर. तो जितका लहान, तितकी ती पेशी मोठ्या डोसाने जास्त घायाळ होते. बऱ्याच कॅन्सरसाठी १० धरतात. १९९९ साली ब्रेनर आणि हॉल यांनी प्रोस्टेटसाठी हा आकडा १.५ च्या आसपास असल्याचं मांडलं, तेव्हापासून या विषयाची दिशाच बदलली. प्रोस्टेटला मागून चिकटलेल्या गुदाशयाच्या उशिरा होणाऱ्या इजेसाठी ३ धरतात. सूत्र सोपं आहे: एकूण डोस गुणिले रोजचा डोस अधिक गुणोत्तर, भागिले दोन अधिक गुणोत्तर. कॅन्सरसाठी ६० गुणिले ४.५ भागिले ३.५, आले ७७. गुदाशयासाठी ६० गुणिले ६ भागिले ५, आले ७२. याहींचा डोस रोज २ चाच होता, त्यामुळे दोन्हीकडे ७६. म्हणजे गाठीवरचा मार याहींइतकाच, किंबहुना तसूभर जास्त, आणि शेजाऱ्यावर कमी. हा कागद मी आप्पांच्या मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याने ‘ओके सर’ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, त्याची गोष्ट पुढे येते.

कागदावरच्या गणितावर कोणी माणसावर किरण सोडत नाही. ब्रिटनमध्ये ‘चिप’ नावाची चाचणी झाली, ३,२१६ पुरुष, २००२ ते २०११ मध्ये भरती, पाच वर्षांचे निकाल २०१६ साली. तीन गट: ७४ ग्रे ३७ दिवसांत, ६० ग्रे २० दिवसांत, ५७ ग्रे १९ दिवसांत. पाच वर्षांनी आजार परत न आलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ८८.३, ९०.६ आणि ८५.९ टक्के. कॅनडातून चाललेल्या ‘प्रॉफिट’ चाचणीत १,२०६ मध्यम जोखमीचे रुग्ण होते, ३९ दिवसांत ७८ विरुद्ध २० दिवसांत ६०. दोन्हीकडे ८५ टक्के. चिपमधल्या बहुतेकांना किरणांआधी आणि किरण चालू असताना मिळून तीन ते सहा महिने हार्मोनचं औषध मिळालं होतं. आप्पांची परिस्थिती नेमकी तीच होती, म्हणून मी चिपवर जास्त विसंबलो. त्या ५७ ग्रेच्या गटाकडे लक्ष असू द्या, तो आपल्याला शेवटी लागणार आहे.

ओटीपोटातल्या लसिका गाठींना किरण द्यायचे का, हा प्रश्न ट्यूमर बोर्डात, म्हणजे कॅन्सरच्या सगळ्या डॉक्टरांच्या बैठकीत, दहा मिनिटं चालला. पीएसए आणि ग्लीसनवरून हिशेब करणाऱ्या रोच सूत्राने आप्पांच्या लसिका गाठींत आजार पसरला असण्याची जोखीम १९ टक्के निघाली. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पॉप-आरटी चाचणीत २२४ रुग्ण होते, तिथे ओटीपोटालाही किरण दिल्याचा फायदा दिसला. पण ते रुग्ण जास्त जोखमीचे होते, २० टक्क्यांच्या पुढचे. १९ आणि २० मध्ये अशी कोणती भिंत आहे, असं आमच्या एका सहकाऱ्याने विचारलं. भिंत नाहीच. तरी गाठ ग्रंथीच्या आत, मधुमेह, लघवीचा त्रास हे सगळं बघून आम्ही फक्त प्रोस्टेट आणि वीर्यपुटिकांचा तळ एवढंच घ्यायचं ठरवलं.

मग सुरतेचा फोन. “सर, तिकडं पाच दिवसांत करतात म्हणे. वीस दिवस बाबांची धावपळ कशाला?” प्रश्न रास्त होता. पेस-बी चाचणीत, ८७४ रुग्णांत, ५ दिवसांत ३६.२५ ग्रे दिलेल्यांचा पाच वर्षांचा निकाल ९५.८ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीचा ९४.६, हे २०२४ साली छापून आलं. पण त्या चाचणीत ग्लीसन ४+३ चे रुग्ण घेतलेच नव्हते आणि हार्मोनचं इंजेक्शनही नव्हतं. शिवाय आयपीएसएस १७ असलेल्या माणसाच्या मूत्रमार्गावर रोज ७ ग्रेच्या पुढे टाकायला मी कचरतो. पाच दिवसांची पद्धत खोटी आहे असं मी म्हटलं नाही, ती या माणसासाठी सिद्ध झालेली नाही एवढंच म्हटलं. मुलाला ते पटलं की नाही कोण जाणे. तो म्हणाला, बरं, मग पोळ्याआधी संपवा.

खरी अडचण पोळ्याचीच होती. आप्पांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, “पोळाले बैल कोन सजाडी?” ३८-३९ दिवसांचं वेळापत्रक जुलैत सुरू केलं असतं तर ते पोळा ओलांडून भाद्रपदात गेलं असतं आणि मला खात्री आहे, आप्पा मध्येच थांबले असते. वीस दिवसांचं बसत होतं. मध्ये कानबाईचा सोमवार जात होता. कानबाई रविवारी बसते, सोमवारी सकाळी विसर्जन, त्या दिवशी घरचा कर्ता माणूस दवाखान्यात येईल ही आशाच धरू नये. तो एक आणि पंधरा ऑगस्ट एक, असे दोन दिवस आम्ही आधीच खोडले आणि दोन शनिवार भरून घेतले. प्रोस्टेटचा कॅन्सर हळू वाढतो, घसा किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसारखा एकेक दिवसाला भाव खात नाही. पण म्हणून खाडे मोकळे सोडायचे नसतात, ते आधी ठरवून भरून काढायचे असतात.

एवढं सगळं नीट आखलं आणि चूक झाली ती पाण्यात.

प्रोस्टेटचे किरण देताना मूत्राशय भरलेलं आणि गुदाशय रिकामं लागतं. भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर ढकलतं आणि स्वतःचाही बराचसा भाग किरणांच्या बाहेर नेतं. सिम्युलेशनच्या आदल्या रात्री आप्पा जळगावात भाचीकडे मुक्कामाला होते. सकाळी चहा झाला, तांब्याभर पाणी झालं, रिक्षाने पाच मिनिटांत आले. सीटीत मूत्राशय ३४० मिलिलिटर. आम्ही खूश. त्याच सीटीवर प्लॅन केला, गुदाशयाचा ६० ग्रे मिळणारा भाग ३ टक्क्यांच्या आत आणला, भौतिकशास्त्रज्ञांनी मशीनवर तपासून घेतला.

सोमवारी उपचार सुरू झाले. आता आप्पा भाचीच्या घरून येत नव्हते, पारोळ्याहून सकाळच्या एसटीने येत होते, अर्ध्या तिकिटात दोघं. एरंडोल, पाळधी, मग जळगाव. आमच्या छापील कागदावर लिहिलेलं: ‘वेळेच्या एक तास आधी अर्धा लिटर पाणी प्या.’ एक तास आधी आप्पा पाळधीच्या अलीकडे गाडीत असत. इमानदार माणूस, बाटली काढून प्यायले. मशीनवर रोज घेतो त्या कोन बीम सीटीत पहिल्या दिवशी मूत्राशय दीडशेच्या आसपास, कारण स्टँडवर उतरल्या उतरल्या ते मोकळे होऊन आले होते. दुसऱ्या दिवशी १९०. आमच्या तंत्रज्ञाने जरा आवाज चढवून सांगितलं, बाबा, पाणी धरून ठेवायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी धरलं. चौथ्या दिवशी टेबलावर झोपवल्यावर, सीटी फिरून झाली आणि किरण सुरू व्हायचे तेवढ्यात धोतर ओलं झालं.

कोणी काही बोललं नाही. चादर बदलली, डोस दिला. पाचव्या दिवशी आप्पा आले नाहीत. फोन केला तर आक्का म्हणाल्या, गाडी चुकली.

गाडी चुकली नव्हती. सोमवारी मी त्यांना एकट्याला बसवून विचारलं तेव्हा ते भिंतीकडे बघत म्हणाले, “एस्टीमा कितला येळ धरू, साहेब?” प्रोस्टेट वाढलेल्या, आयपीएसएस १७ असलेल्या माणसाला आम्ही दीड तासाच्या प्रवासात अर्धा लिटर पाणी धरायला सांगत होतो. त्यांचा १७ हा आकडा माझ्याच अक्षरात फाइलवर होता. प्लॅन मात्र भाचीच्या घरून आलेल्या माणसाचा केला आणि उपचार एसटीतून आलेल्या माणसाला दिले. तो खाडा आप्पांच्या नावावर लागला, लागायला हवा होता आमच्या.

त्याच दिवशी पुन्हा सिम्युलेशन केलं, पण आता एसटीतून उतरलेल्या आप्पांचं. नियम बदलला: प्रवासात पाणी नाही, आल्यावर आधी मोकळं व्हायचं, मग आमच्या समोर स्टीलचे दोन पेले, मोजून ४०० मिलिलिटर, आणि चाळीस मिनिटं पंख्याखाली बसायचं. सीटीत मूत्राशय १८० आलं. पुस्तकातल्यापेक्षा कमी, पण रोज येईल असं. नवा प्लॅन थोडा महाग पडला, मूत्राशयाचा डोस वाढला, तरी मर्यादेत राहिला. गुरुवारपासून नवा प्लॅन लागला आणि त्यानंतर मूत्राशय १६० ते २१० च्या बाहेर गेलं नाही. रोज ३४० चा हट्ट धरण्यापेक्षा रोज १८० मिळणं मला दहापट मोलाचं वाटतं. रोजचा डोस मोठा झाला की एका दिवसाची गफलतही मोठी होते: अडतीसमधला एक दिवस आणि वीसमधला एक दिवस यांचं वजन सारखं नाही.

दुसरा धक्का कानबाईनंतर बसला. बुधवारी, बाराव्या डोसाला, कोन बीम सीटीत गुदाशय फुग्यासारखं दिसलं. प्लॅनमध्ये पुढून मागे ३.२ सेंटिमीटर होतं, आज ५ च्या वर, आत सगळी काळी हवा. प्रोस्टेट ७ मिलिमीटर पुढे सरकलेलं. टेबल सरकवून प्रोस्टेट पुन्हा निशाण्यावर आणता येतं, पण ताणलेली गुदाशयाची भिंत त्याच्या मागून जास्त डोसाच्या पट्ट्यात येऊन बसते, आणि ती हवा मध्येच सरकली तर निशाणाही हलतो. आप्पांना उतरवलं, अर्धा तास आवारात फिरवलं, शौचाला पाठवलं. दुसरी सीटी जमली.

काय खाल्लं होतं? आक्कांनी बोटं मोजली: कानबाईचे रोट, घरातल्यांनीच संपवायचे म्हणून दोन दिवस तेच, आणि काल रात्री कळण्याची भाकरी, सोबत भरीत. कळणं म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. आमच्या आहाराच्या कागदावर ‘वातूळ पदार्थ टाळा’ एवढंच लिहिलेलं. कळण्याची भाकरी वातूळ असेल असं खान्देशात कोणाच्या मनातही येत नाही, ती रोजची भाकरी आहे. पुढचे दिवस नुसत्या ज्वारीची भाकरी, मुगाचं पातळ वरण, दुधी, आणि रात्री इसबगोल. हवेचा त्रास पुन्हा एकदाच झाला, तोही किरकोळ.

तिसऱ्या आठवड्यात आयपीएसएस २२ वर गेला, शौचाला घाई होऊ लागली. कमी दिवसांच्या वेळापत्रकात हा त्रास लवकर शिगेला पोचतो आणि लवकर उतरतो, चिपमध्येही तसंच दिसलं होतं. आक्कांना हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घरी घबराट झाली नाही. टॅमसुलोसिन चालू ठेवलं, संध्याकाळी सातनंतर चहा बंद केला, लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही याची खात्री केली.

एकोणिसावा डोस शनिवारी झाला. कपडे घालून बाहेर आले, चप्पल पायात सरकवता सरकवता म्हणाले, “सोमवारे पोळाना साज लेवाले जानं शे. एक दिन राहिना तर काय बिघडी?”

एरवी हा प्रश्न मी हसून टाळला असता. पण इथे उत्तर छापील होतं. १९ दिवस गुणिले ३, बरोबर ५७. चिपमधला तिसरा गट नेमका हाच, आणि ७४ ग्रेच्या बरोबरीची खात्री त्या गटाबद्दल देता आली नाही. ६० आणि ५७ मधला फरक म्हणजे आप्पांचा सोमवार. आता टक्के सांगून उपयोग नव्हता. मी विचारलं, आप्पा, रब्बीची ज्वारी दाण्यात आली आहे, सगळी पाणी दिली, शेवटचं तेवढं सोडाल? ते थोडा वेळ बघत राहिले. मग आक्कांना म्हणाले, साज मंगळवारी आणू. सोमवारी विसावा डोस झाला. गुरुवारी खांदेमळणी, शुक्रवारी पोळा.

नोव्हेंबरात आले तेव्हा आयपीएसएस १३ होता, म्हणजे सुरुवातीपेक्षाही कमी. पीएसए ०.०६. मुलाने सुरतेहून सगळ्या भाऊबंदांच्या ग्रुपवर ‘बाबा एकदम बरे’ म्हणून टाकलं होतं. त्याला फोन करून सांगावं लागलं, की हा आकडा अजून इंजेक्शनचा आहे, किरणांचा नाही. इंजेक्शनचा असर ओसरेल, टेस्टोस्टेरॉन परत येईल, तसा पीएसए थोडा वर चढेल, त्याने घाबरू नये. सगळ्यात खाली गेलेल्या आकड्यापेक्षा २ ने वर गेला तर आजार परतला असं धरतात, त्याआधी नाही. तो म्हणाला, म्हणजे अजून निकाल लागलाच नाही? मी म्हटलं, नाही.

नोंदणीच्या कागदावर आता तीन ओळी वाढवल्या आहेत: कोणत्या गाडीने येणार, गाडीत किती वेळ, घरात भाकरी कशाची. गेल्या आठवड्यात चोपड्याच्या एका आजोबांनी तिसऱ्या ओळीसमोर लिहिलं, ‘कळण्याची’. सिम्युलेशनची तारीख चार दिवस पुढे ढकलली आणि त्यांच्या सुनेला बोलावून घेतलं.